कमी अक्षांशावरून दक्षिण ध्रुवीय प्रकाश पाहणे आणि टिपणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नच्या दक्षिणेला मॉर्निंग्टन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तुम्ही सलग दोन रात्री थांबलात. मोबाइलवरचे ॲप केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा निर्देशांक) ६ दाखवत होते आणि डोक्यावरचे आकाश निरभ्र होते. तरीही डोळ्यांना काहीच दिसले नाही, आणि कॅमेऱ्यात मात्र क्षितिजालगत फिकट गुलाबी पट्टा उमटला. तो पट्टा खरोखर ध्रुवीय प्रकाशाचा होता का, डोळ्यांना तो का दिसला नाही, आणि पुढच्या वेळी कुठे, केव्हा व कोणत्या सेटिंगने उभे राहावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. गेली बरीच वर्षे मी टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरून हा प्रकाश पाहत आणि टिपत आलो आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तो पट्टा बहुधा खराच होता. तुम्ही जे टिपलेत तो हजार-दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या प्रकाशाच्या पडद्याचा केवळ वरचा काठ होता, आणि ही एक गोष्ट नीट समजली की जागा, वेळ, डोळे आणि कॅमेरा यांबाबतचे बहुतेक निर्णय आपोआप सुचू लागतात.

ध्रुवीय प्रकाश अंटार्क्टिकाभोवती एका लंबगोल वलयात असतो. त्यातला हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, तर लाल प्रकाश २०० किलोमीटरच्या वर सुरू होऊन ४०० किलोमीटर किंवा त्याहूनही वर जातो. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० किलोमीटर उंचीवरची वस्तू जमिनीवरून फार तर ११०० किलोमीटर अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकते. ४०० किलोमीटर उंचीवरची वस्तू मात्र जवळपास २२०० किलोमीटर अंतरावरूनही दिसते. हे आकडे तुमच्या रात्रीला लावून पाहा. प्रकाशाचा पडदा तुमच्यापासून १००० किलोमीटर दक्षिणेला असेल, तर त्याची हिरवी खालची किनार क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर येते आणि ३०० किलोमीटर उंचीवरचा लाल भाग सुमारे बारा अंशांवर दिसतो. तोच पडदा १५०० किलोमीटर दूर असेल, तर हिरवा भाग पूर्णपणे क्षितिजाखाली बुडतो, ३०० किलोमीटरवरचा लाल भाग चार अंशांवर आणि ४०० किलोमीटरवरचा जेमतेम आठ अंशांवर राहतो. हात पूर्ण ताणून मूठ डोळ्यांसमोर धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे तुमचा संपूर्ण ध्रुवीय प्रकाश समुद्राच्या रेषेवर टेकवलेल्या एका मुठीत मावत होता, आणि त्यात हिरवा रंग असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. नॉर्वे किंवा आइसलँडमधील छायाचित्रांत डोक्यावर नाचणारे हिरवे पडदे दिसतात, ते त्या वलयाच्या खाली उभे राहून टिपलेले असतात. आपण तेच वलय दूरवरून, कडेने पाहत असतो.

म्हणूनच जागा निवडताना पहिली अट दक्षिणेकडील क्षितिजाची असते. एखादी टेकडी, झाडांची रांग किंवा किनाऱ्यावरचा उंचवटा पाच अंश झाकत असेल, तर मेलबर्नच्या अक्षांशावर तुम्ही निम्मा कार्यक्रम गमावलेला असतो. समुद्राकडे दक्षिणेला उघडा असलेला किनारा सर्वांत चांगला. दुसरी अट अशी की शहर तुमच्या पाठीशी असावे. मेलबर्नहून दक्षिणेला केप शँक, फ्लिंडर्स, फिलिप बेट किंवा विल्सन्स प्रोमोंटरीकडे गेले की शहराचा उजेड उत्तरेला राहतो आणि समोर बास सामुद्रधुनीचा अंधार असतो. तुम्ही जागा योग्यच निवडली होती. होबार्टहून मी बहुतेक वेळा साउथ आर्मकडे जातो, कारण तिथून स्टॉर्म बेच्या पाण्यावर दक्षिण क्षितिज मोकळे मिळते. त्याहून गडद आकाश हवे असेल तर ब्रूनी बेट, किंवा ऑस्ट्रेलियातील सार्वजनिक रस्ता जिथे सर्वांत दक्षिणेला पोहोचतो ते कॉकल क्रीक. न्यूझीलंडमध्ये डनिडिनजवळचे ओटागो द्वीपकल्प, कॅटलिन्सचा किनारा, ब्लफ आणि स्ट्युअर्ट बेट या जागा अक्षांशाच्या दृष्टीने आणखी फायद्याच्या आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक महागडे प्रवास आखतात. नकाशावर जितके दक्षिणेला जावे तितका प्रकाश चांगला दिसेल, असे सरसकट म्हणता येत नाही. महत्त्व असते ते भूचुंबकीय अक्षांशाला, म्हणजे भूचुंबकीय ध्रुवाच्या संदर्भाने मोजलेल्या अक्षांशाला, आणि दक्षिणेकडील भूचुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला सरकलेला आहे. त्यामुळे प्रकाशाचे वलयही आपल्या बाजूला झुकलेले असते. अर्जेंटिनातील उश्वाया ५४.८ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि होबार्ट जेमतेम ४२.९ अंशांवर, तरीही दक्षिण ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी होबार्ट कितीतरी अधिक चांगले, कारण भूचुंबकीय दृष्टीने उश्वायाच वलयापासून जास्त दूर पडते. टास्मानिया आणि न्यूझीलंडचे दक्षिण टोक यांना हे दान भूगोलाने दिले आहे.

आता डोळ्यांना काही का दिसले नाही, याकडे येतो. वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या वाट्याला आलेला प्रकाश मुख्यतः लाल होता. हा लाल रंग ऑक्सिजनच्या अणूंचा असून त्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर असते. अंधारात आपण ज्या दंडपेशींनी पाहतो, त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि ६३० नॅनोमीटरला जवळजवळ आंधळ्या असतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना तो लाल रंग कळू शकतो, पण त्यांना जागे होण्यासाठी बराच जास्त उजेड लागतो. त्यामुळे मंद लाल ध्रुवीय प्रकाश दोन्ही प्रकारच्या पेशींच्या मधल्या फटीतून निसटतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला अशी अडचण नसते. तो दहा-पंधरा सेकंद प्रकाश साठवत राहतो आणि लाल रंग लालच नोंदवतो. कॅमेऱ्यात दिसले आणि डोळ्यांना दिसले नाही म्हणजे कॅमेऱ्याने खोटे दाखवले, असा निष्कर्ष काढू नका. तो प्रकाश तिथे होताच.

तरीही मेलबर्नच्या किनाऱ्यावरून डोळ्यांनी काहीतरी दिसण्याची शक्यता वाढवता येते. डोळे अंधाराला पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ती मेहनत वाया जाते. तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की तुम्ही दर काही मिनिटांनी ॲप तपासत होता. माझ्या मते डोळ्यांनी काहीच न दिसण्याचे हे एक मोठे कारण असावे. पडदा अगदी मंद आणि लाल करून ठेवा, किंवा आकडे पाहण्याचे काम सोबतच्या एकाच माणसाकडे सोपवा. पाहताना नजर थेट त्या जागेवर न रोखता किंचित बाजूला ठेवा, कारण दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, सभोवताली असतात. आणि रंग शोधू नका, हालचाल शोधा. क्षितिजालगत राखाडी-पांढरट, धूसर उजेड दिसेल आणि त्यातून उभे, फिकट स्तंभ वर उठतील. एखादा तारा निवडून मिनिटभर त्याच्याशी तुलना केलीत, तर स्तंभ हळूहळू बाजूला सरकताना जाणवतात. ही सरकण पहिल्यांदा डोळ्यांनी ओळखता आली की त्यानंतर कोणत्याही रात्री ती चुकत नाही.

हा उजेड ढगाचा आहे की ध्रुवीय प्रकाशाचा, हे ठरवायला ताऱ्यांचीच मदत होते. ढग तारे झाकतो. ध्रुवीय प्रकाशातून तारे आरपार दिसतात. फसवणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. दक्षिण आकाशातले दोन मॅगेलानी मेघ (आपल्या शेजारच्या लहान दीर्घिका) नवख्यांना प्रकाशाचे पुंजके वाटतात, पण ते ताऱ्यांसोबतच फिरतात आणि रोज असतात. वातावरणाची स्वतःची मंद दीप्ती कॅमेऱ्यात हिरव्या लाटांसारखी उमटते. ती एकाच दिशेला न राहता सर्व बाजूंना, अगदी उत्तरेलाही, सापडते. म्हणून संशय असेल तेव्हा मी कॅमेरा उत्तरेकडे वळवून त्याच सेटिंगने एक छायाचित्र घेतो. दोन्हीकडे सारखाच रंग आला, तर दक्षिणेचा रंग ध्रुवीय प्रकाशाचा नाही असे धरून चालतो. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि बरेच वाद वाचवते.

केपी या आकड्याबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण निराशेचे मूळ बहुधा तिथेच असते. केपी हा तीन तासांचा, संपूर्ण पृथ्वीसाठीचा निर्देशांक आहे. तो १३ वेधशाळांच्या चुंबकीय नोंदींवरून ठरतो आणि त्यांतल्या दोनच दक्षिण गोलार्धात आहेत, एक कॅनबेराजवळ आणि दुसरी न्यूझीलंडमधील आयरवेल येथे. केपी ६ याचा अर्थ त्या तीन तासांत जगभर मिळून चुंबकीय खळबळ मध्यम वादळाइतकी होती, एवढाच. ती तुम्ही किनाऱ्यावर होता त्याच वीस मिनिटांत होती का, की त्याआधी भर दुपारी होऊन गेली, हे तो सांगू शकत नाही. ॲपवर दिसणारा केपी पुष्कळदा भाकिताचा असतो, आणि एखाद्या सौर उद्रेकाच्या आगमनाची वेळ काही तासांनी चुकणे ही नेहमीची बाब आहे. रात्रीचा निर्णय मी केपीवर कधीही घेत नाही.

मी पाहतो ते सौरवाऱ्याचे प्रत्यक्ष मोजमाप. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर डिस्कव्हर आणि एस यांसारखी अवकाशयाने येणाऱ्या सौरवाऱ्याचा वेग, घनता आणि चुंबकीय क्षेत्र मोजत आली आहेत. त्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे त्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, ज्याला सगळे बीझेड म्हणतात. तो उणे असतो, म्हणजे दक्षिणेकडे वळलेला असतो, तेव्हा सौरवाऱ्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. तो अधिक असेल तर वेग कितीही मोठा असला तरी दार बंद राहते. एखादा क्षण तो उणे वीस नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) झाला आणि परत वर गेला, याला फारसे महत्त्व नाही. उणे दहा नॅनोटेस्लाच्या आसपास किंवा त्याखाली तो तासभर टिकून राहिला, की मी कॅमेऱ्याची पिशवी उचलतो. मेलबर्नच्या अक्षांशावर याहून खोल आणि याहून टिकाऊ आकडा हवा, शिवाय वेगही सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम.

या मोजमापातून आणखी एक फायदा मिळतो, तो म्हणजे अवधीचा. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येत असेल तर त्या यानापासून पृथ्वीपर्यंत पोहोचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि ८०० च्या वेगाने सुमारे अर्धा तास. त्यानंतरही पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या सूर्याविरुद्ध बाजूला लांबलेल्या भागात, ऊर्जा साठायला वेळ जातो, आणि मग ती एकदम मोकळी होते. या मोकळ्या होण्यालाच उपवादळ म्हणतात. आधी क्षितिजावर एक शांत, स्थिर कमान बराच वेळ दिसत राहते, मग दहा-पंधरा मिनिटांसाठी ती उजळते, उभे स्तंभ फुटतात, आणि नंतर सगळे विसकटून फिकट ठिपक्यांमध्ये विरते. पुष्कळ लोक या शेवटच्या टप्प्यात ‘संपले’ म्हणून गाडी सुरू करतात. बीझेड अजून उणे असेल तर थांबा. तास-दोन तासांनी पुन्हा तेच चक्र येऊ शकते. माझ्या संग्रहातील चांगल्या छायाचित्रांपैकी निम्मी तरी इतर लोक निघून गेल्यानंतरची आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाच्या अवकाश हवामान केंद्राचे इशारे आणि अमेरिकेच्या नोआ या सागर व वातावरण संस्थेचे जी१ (सौम्य) ते जी५ (अतितीव्र) या श्रेणीतले वादळांचे अंदाज दोन-तीन दिवस आधी सावध राहण्यासाठी उपयोगी आहेत. ढोबळ मानाने, दक्षिण टास्मानियातून जी१ मध्येही कॅमेऱ्यात काहीतरी मिळते, आणि मेलबर्नच्या किनाऱ्यावरून डोळ्यांना समाधान मिळायला जी३ किंवा त्याहून मोठे वादळ लागते. १० आणि ११ मे २०२४ चे वादळ जी५ होते, ऑक्टोबर २००३ नंतरचे पहिलेच. त्या वेळी हा प्रकाश क्वीन्सलँडपर्यंत टिपला गेला आणि टास्मानियात तो डोक्यावरून पलीकडे उत्तरेला गेला होता. इतिहासात तर मे १९२१ च्या वादळात सामोआतील अपिया येथूनही, १४ अंशांहून कमी दक्षिण अक्षांशावरून, तो दिसल्याची नोंद आहे. अशा रात्री दशकातून एखाददुसऱ्या येतात. तुमची तयारी मात्र नेहमीच्या, क्षितिजावरच्या मंद प्रकाशासाठी असली पाहिजे.

ढगांचा विचार करताना पुन्हा तीच भूमिती लागू होते, आणि इथे तुमच्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो. डोक्यावरचे आकाश निरभ्र होते, असे तुम्ही लिहिले आहे. डोक्यावरच्या आकाशाशी आपला संबंधच नव्हता. तुम्ही तीन ते पाच अंशांवर पाहत होता. त्या कोनातून जाणारी दृष्टिरेषा तीन किलोमीटर उंचीच्या ढगांना तुमच्यापासून ३५ ते ५५ किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात छेदते. तिथल्या ढगांची एक पातळ रांग सगळे झाकून टाकते आणि अंधारात ती ओळखूही येत नाही. निघण्यापूर्वी हिमावरी या हवामान उपग्रहाची दर दहा मिनिटांनी येणारी चित्रे पाहा आणि आपल्या गावावर लक्ष न ठेवता दक्षिणेच्या समुद्रावर ठेवा. रात्रीच्या अवरक्त चित्रांत खालचे ढग नीट दिसत नाहीत, म्हणून सूर्यास्तापूर्वीचे दृश्य प्रकाशातले शेवटचे चित्रही पाहून ठेवावे. शिवाय पाच अंशांवरून येणारा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सुमारे दहा पट हवेतून गाळून येतो. वारा पडलेल्या, समुद्रावर तुषार आणि धुके साचलेल्या रात्री तो आणखी क्षीण होतो. थंड वाऱ्याची झुळूक येऊन गेल्यानंतरची धुतलेली हवा मला सर्वांत आवडते.

आता कॅमेरा. मॅन्युअल सेटिंग देणारा कोणताही अलीकडचा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा चालेल. पैसे खर्च करायचेच असतील तर ते लेन्सवर करा. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ च्या तुलनेत जवळपास अडीच पट प्रकाश आत घेते आणि हा फरक कॅमेऱ्याची बॉडी बदलून मिळत नाही. पूर्ण फ्रेम सेन्सरवर १४ ते २४ मिलिमीटर लेन्स ही मोठ्या वादळासाठी योग्य आहे. मात्र मेलबर्नहून प्रकाश एका मुठीएवढा असतो, हे आठवा. १४ मिलिमीटरने घेतलेल्या चित्रात तो तळाशी एक रेघ होऊन बसतो. अशा रात्री मी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावतो, कधी चार-पाच चित्रे शेजारी शेजारी घेऊन जोडतो, आणि मग तेच स्तंभ भरून दिसू लागतात. पुष्कळ जण नेमकी हीच सोपी सुधारणा करत नाहीत.

सुरुवातीची सेटिंग म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ ३२००, शटर १० सेकंद आणि व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का करून रॉ फाइल घ्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा लाल आकाशाला ‘दुरुस्त’ करू पाहतो आणि प्रत्येक चित्राचा रंग वेगळा येतो. शटरचा कालावधी प्रकाशाच्या स्वभावावर ठरवा. लाल प्रकाश देणारा ऑक्सिजनचा अणू उत्तेजित झाल्यावर सरासरी ११० सेकंद तसाच राहू शकतो, हिरवा प्रकाश देणारा एका सेकंदाहूनही कमी. विरळ हवेतच लाल प्रकाश देणाऱ्या अणूला इतका वेळ धक्का न लागता राहता येते, म्हणून लाल रंग उंचावर असतो. आणि म्हणूनच लाल भाग मऊ व संथ दिसतो, तर हिरव्या किनारी चपळ असतात. नुसता लाल उजेड असेल तर १५ ते २० सेकंद खुशाल द्या. स्तंभ ठळक झाले, हिरवे वर आले, की ३ ते ६ सेकंदांवर या आणि आयएसओ वाढवा. नाहीतर स्तंभांचा लगदा होतो. तारे रेषेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागून येणारे सेकंद ही जुनी मर्यादा आहे. दक्षिणेकडे पाहताना तिच्यात थोडी सवलत मिळते, कारण खगोलीय ध्रुवाच्या बाजूचे तारे आकाशात हळू सरकतात.

फोकस हा सर्वाधिक रात्री वाया घालवणारा विषय आहे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यू चालू करून अगस्त्यासारखा ठळक तारा दहा पट मोठा करून पाहा, फोकसची कडी हलक्या हाताने पुढे-मागे करून त्याचा ठिपका शक्य तितका लहान करा, आणि मग कडीवर चिकटपट्टी लावून टाका. दर अर्ध्या तासाने एकदा तपासा, कारण तापमान उतरले की फोकसही किंचित सरकतो. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण बंद ठेवा. दीर्घ एक्सपोजरचे नॉइज रिडक्शनही बंद ठेवा. ते चालू असेल तर प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो, आणि उपवादळाच्या दहा मिनिटांतली पाच तशीच जातात. चित्राचा उजेड मागच्या पडद्यावरून न ठरवता हिस्टोग्रामवरून (उजेडाच्या आलेखावरून) ठरवा, कारण अंधारात मंद चित्रही पडद्यावर लख्ख भासते.

लेन्सवरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका चांगल्या रात्रीची माझी सगळी चित्रे यामुळे बिघडली. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर पाहिले, तर प्रत्येक चित्राच्या मधोमध, पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशी समकेंद्री वर्तुळे होती. लेन्सचा दोष समजून मी ती दुरुस्तीलाही दिली होती. खरे कारण वेगळे होते. ध्रुवीय प्रकाश साध्या प्रकाशासारखा सर्व तरंगलांबींचा नसतो. हिरवा म्हणजे नेमका ५५७.७ नॅनोमीटर, लाल म्हणजे नेमका ६३०. असा एकाच तरंगलांबीचा प्रकाश सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये परावर्तित झाला की व्यतिकरण होऊन, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून, कडी उमटतात. ती मागाहून पुसता येत नाहीत.

दवाचाही बंदोबस्त हवा. किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर हळूहळू वाफ धरते आणि चित्र मऊ होत जाते, तेव्हा बऱ्याच जणांना फोकस बिघडल्याचा भास होतो. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती बांधावी. ती नसेल तर हात गरम ठेवण्याच्या दोन पुड्या रबराने बांधल्या तरी भागते. जादा बॅटरी अंगातल्या खिशात ठेवा.

मोबाइलने टिपायचे असेल, तर नाइट मोडमध्ये दहा सेकंदांपर्यंतचा कालावधी आणि ट्रायपॉड, एवढे पुरे आहे. खडकाला टेकवून ठेवला तरी चालतो, हातात धरू नका.

चित्रावर संस्करण करताना माझा एकच नियम आहे: तारे पांढरे दिसेपर्यंत रंग सुधारायचा आणि तिथे थांबायचे. संपृक्तता वाढवत नेली की त्या रात्री तुमच्या शेजारी उभा असलेला माणूसही ते आकाश ओळखणार नाही. चित्र इतरांना दाखवताना डोळ्यांना काय दिसले आणि एक्सपोजर किती सेकंदांचे होते, हे सोबत लिहा. तुमच्या निराशेला अशी माहिती न देणारी चित्रेच बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

रंगांबद्दल एक गोष्ट राहिली. उन्हाळ्यात कधी स्तंभांची टोके निळसर-जांभळी येतात. दक्षिणेकडच्या त्या उंचीवर सूर्याचे किरण तेव्हा रात्रीही पोहोचत असतात आणि आयनीभूत नायट्रोजन ते विखुरतो, म्हणून हा रंग दिसतो. वादळाच्या वेळी प्रकाशाच्या मुख्य पडद्यापासून अलग, उत्तरेला सरकलेली एकसंध लाल कमान दिसली, तर तिच्याकडे कॅमेरा वळवून ठेवा. १७ मार्च २०१५ च्या वादळात डनिडिनजवळून टिपलेल्या चित्रांत अशी लाल कमान पाहता पाहता ‘स्टीव्ह’ नावाच्या अरुंद, जांभळट पट्ट्यात बदलताना दिसली, आणि त्या चित्रांवर पुढे संशोधन झाले. हौशी छायाचित्रकाराने घड्याळाची वेळ अचूक लावून ठेवलेली असेल, तर त्याचे चित्र शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. कॅमेऱ्याचे घड्याळ निघण्यापूर्वी सेकंदापर्यंत जुळवा.

अंधारात वाहन चालवण्याबद्दलही सांगतो. टास्मानियात रात्री रस्त्यावर वॉलबी, पॅडेमेलन आणि वॉम्बॅट हे प्राणी सतत येतात; वेग कमी ठेवा. किनाऱ्यावर उजेडीच पोहोचा, कड्याची कड आणि भरतीची रेषा पाहून ठेवा. इतर लोक उभे असतील तिथे गाडीचे दिवे दक्षिणेकडे रोखून येऊ नका. एका झोताने वीस माणसांचे सरावलेले डोळे जातात.

पुढच्या वेळेची आखणी मी अशी करीन. मार्च आणि सप्टेंबर या विषुवदिनांच्या आसपासच्या आठवड्यांत पृथ्वीचा आणि सौरवाऱ्याच्या क्षेत्राचा कोन असा जुळतो की चुंबकीय वादळे सरासरीने अधिक होतात. जून-जुलैमध्ये वादळांची शक्यता तितकी नसली तरी रात्र लांब असते. या दोहोंपैकी एक काळ निवडून त्यातल्या अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा रात्री मोकळ्या ठेवा. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, तेव्हा एखाद्या किरीट विवरामुळे (सूर्याच्या बाह्य आवरणातल्या, वेगवान सौरवारा सोडणाऱ्या भागामुळे) खळबळ झालेली तारीख लिहून ठेवली तर सत्तावीस दिवसांनंतरची तारीखही डोळ्यांसमोर ठेवता येते. शक्य असेल तर मेलबर्नच्या किनाऱ्याऐवजी होबार्टचे विमान पकडा. त्या पाच अंशांच्या फरकाने वलय सुमारे ५५० किलोमीटर जवळ येते, आणि आज जी किनार तुमच्या क्षितिजाखाली होती ती समुद्रावर हिरवी उभी राहिलेली दिसू शकते.